‘नव्वद टक्के काम झालंय’ असं ऐकलं की काय विचारायचं

सरकारी कार्यालयांसाठी बनणाऱ्या ऑनलाइन प्रणाली तपासण्याचं काम मी चौदा वर्षं करते आहे. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने बेलापूरला आढावा बैठकीला जाते तेव्हा पर्समध्ये साप्ताहिक अहवाल असतो, पण तो मी सगळ्यात शेवटी वाचते. त्यात झालेल्या कामाचा हिशेब असतो. प्रकल्प वेळेत होईल की नाही, हे मात्र उरलेलं काम बघूनच कळतं.

आधी लोकार्पणाची तारीख लिहा आणि तिथून उलटं मोजत या. प्रणाली लोकांसाठी खुली करण्याआधी सर्ट-इनच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या, यादीतल्या संस्थेकडून सुरक्षा तपासणी करून घ्यावी लागते. त्यात त्रुटी निघतात, कंपनी त्या दुरुस्त करते, मग फेरतपासणी. वेळापत्रकात पहिल्याच फेरीचे दिवस धरलेले मी कितीदा तरी पाहिलेत. कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण धरा, मध्येच आचारसंहिता लागू शकते तेही धरा.

निर्णय घेणारे साहेब तेव्हा त्या खुर्चीवर असतील का, हेही विचारा. 2005 च्या कायद्यानुसार राज्यात बदल्या सर्वसाधारणपणे एप्रिल-मेमध्ये होतात. जूनमध्ये सुरू होणाऱ्या प्रकल्पाचे निर्णय फाइलवर लेखी नसतील, तर नव्या साहेबांपुढे सगळं पुन्हा मांडावं लागेल.

माझा सगळ्यात जास्त वेळ जुन्या नोंदींवर जातो, आणि त्याला कारण आहे. दाखल्यांच्या एका प्रकल्पाला मी हिरवा शेरा, म्हणजे ‘काम नीट होईल’ असा, दिला होता. स्क्रीन सगळ्या तयार होत्या, अर्ज भरता येत होता. पण जुन्या फॉन्टमधल्या नोंदी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणताना ‘ऱ्ह’ तुटला. कऱ्हाडे, गोऱ्हे, कुऱ्हाडे, अशी सगळी आडनावं बिघडली. ती दुरुस्त करण्यात सात महिने गेले आणि तोवर लोक हेलपाटे घालत राहिले. ते मला आजही लागतं.

म्हणून शंभर नोंदी ताडून बघा. कंपनीने काढून दिलेल्या नकोत. रेकॉर्ड रूममध्ये जा, वेगवेगळ्या वर्षांची रजिस्टरं स्वतः उघडा. फाटकी पानं, खाडाखोड, समासात नंतर लिहिलेलं नाव, असल्या नोंदी मुद्दाम घ्या. नाव, वडिलांचं नाव आणि तारीख स्क्रीनवर अक्षरन् अक्षर जुळली पाहिजे.

चाचणी सुरू असेल तर एक सकाळ खिडकीमागे बसा. कारकून मॅडमच्या हाताशी वही असेल आणि प्रत्येक अर्ज त्या आधी वहीत उतरवत असतील, तर त्यांचा प्रणालीवर विश्वास बसलेला नाही. का, ते त्यांनाच विचारा. मला सर्वांत खरी उत्तरं तिथेच मिळाली आहेत.

बैठकीत एक छोटी गोष्ट करा. कंपनीचा प्रोग्रामर, कारकून आणि अधिकारी यांना वेगवेगळ्या चिठ्ठीवर, एकमेकांना न विचारता, आपल्या मते खरी तारीख कोणती ते लिहायला सांगा. तिन्ही चिठ्ठ्यांत दोन महिन्यांचं अंतर पडलं, तर हिरवा शेरा देऊ नका.

शेऱ्यांचे अर्थ मी ब्रिटनच्या पद्धतीवरून घेतले. तिथे मोठ्या सरकारी प्रकल्पांचे शेरे दरवर्षी जाहीर होतात. पूर्वी पाच छटा होत्या, आता तीन. हिरवा म्हणजे वेळ, पैसा आणि दर्जा सांभाळून काम होण्याची दाट शक्यता आणि मोठा अडथळा नाही. नारिंगी म्हणजे जमण्यासारखं आहे, पण मोठे प्रश्न आहेत, वरिष्ठांनी लक्ष घालायला हवं. लाल म्हणजे आहे त्या रूपात जमेलसं दिसत नाही. लाल शेऱ्याने कुणाची चौकशी लागते अशी भीती पसरली की पुढच्या वेळी सगळे हिरवाच लिहितात, म्हणून तो देताना मदत मागा: दोन माणसं, एक महिना, किंवा पहिल्या टप्प्यात एकच दाखला. रंगाखाली कारण लिहा, आणि काय घडलं तर रंग बदलेल तेही. मदत कोणी, कोणत्या तारखेपर्यंत द्यायची, ते बैठकीच्या इतिवृत्तात नावानिशी येऊ द्या.