98 किलोचा माणूस, मागचा शॉकअप आणि पाच पायऱ्या

माझं वजन 98 किलो, हेल्मेट, बूट, सॅक धरली तर शंभरी पार. गाडी साधी 150 सीसी, मागे दोन शॉकअप. चार वर्षं ती शोरूममधून आली तशीच चालवली आणि त्र्यंबक रोडला स्पीडब्रेकरवर मागून धाडकन आवाज आला की रस्त्याला शिव्या घालायचो. रस्त्याची चूक आहेच हो, पण निम्मी चूक माझी होती, कारण शॉकअप दुसऱ्या पायरीवर होता आणि ती पायरी माझ्यापेक्षा बऱ्याच हलक्या माणसासाठी असते.

शॉकअपच्या स्प्रिंगखाली जी जिन्यासारखी कापलेली रिंग असते ना, ते प्रीलोड. बहुतेक गाड्यांना पाच पायऱ्या. ती चढवली की स्प्रिंग कडक होते असं सगळे सांगतात, मेकॅनिकपण, पण तसं नसतं. स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेढे किती आणि केवढे यावर ठरतो, तो रिंग फिरवून कसा बदलेल? रिंगमुळे स्प्रिंग आधीच थोडी दाबलेली राहते, त्यामुळे तुम्ही बसल्यावर गाडी कमी बसते आणि खड्ड्यासाठी जास्त जागा शिल्लक राहते.

किती बसावी याचा अंदाज सोपा आहे. चाक वर-खाली जेवढं हलू शकतं त्याचा साधारण पाव ते एक तृतीयांश भाग तुम्ही बसल्यावर खर्ची पडावा, याला सॅग म्हणतात. माझ्या गाडीला मागे 100 मिमी हालचाल आहे, म्हणजे 25 ते 33 मिमी. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात मिळेल.

आता मोजायचं कसं. आधी टायरची हवा बघा, गाडी थंड असताना, नाहीतर सगळी मेहनत वाया. मग गाडी मेन स्टँडला लावा म्हणजे मागचं चाक लोंबतं. एक्सलच्या मध्यापासून बरोबर वर, सीटखालच्या पॅनलवर चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि अंतर मोजा. माझं आलं 560 मिमी. मग गाडी चाकांवर उभी करा, कोणालातरी सरळ धरायला सांगा, दोन-तीनदा दाबून सोडा आणि परत मोजा, 548 आलं. आता हेल्मेट-सॅकसकट बसा, दोन्ही पाय फूटरेस्टवर, एक जण पुढून हँडल धरेल आणि दुसरा टेप धरेल. माझा पोरगा टेप धरून पार्किंगमध्ये उकिडवा बसलेला, "बाबा हलू नका ना" म्हणत, आकडा 518. म्हणजे 560 वजा 518, 42 मिमी सॅग. बसल्या बसल्या जवळपास निम्मी जागा संपलेली, मग स्पीडब्रेकरला आपटणार नाही तर काय!

रिंग फिरवायला सी-आकाराचा पाना लागतो, बहुतेकदा टूलकिटमध्ये असतो. मेन स्टँडवरच फिरवा, आधी चिखल घासून काढा, जाम असेल तर ऑइलचा स्प्रे मारून पाच मिनिटं थांबा. छन्नी-हातोडी अजिबात नाही. एका गॅरेजवाल्याने माझी रिंग तशीच ठोकली, कडा तुटली आणि वर म्हणे "ती आधीच तुटलेली होती". आणि हो, दोन्ही बाजू एकाच पायरीवर पाहिजेत, हे लोक विसरतात.

चौथ्या पायरीवर माझा सॅग आला 34, आणि नुसत्या गाडीचा, माझ्याशिवाय, 4. खरी गंमत या दुसऱ्या आकड्यात आहे. तुमच्यासकट सॅग बरोबर आला पण रिकामी गाडी अजिबात बसत नसेल तर स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे, आणि रिकामी गाडीच खूप बसत असेल तर स्प्रिंग जास्त कडक आहे. पाचव्या पायरीला माझी रिकामी गाडी शून्य मिमी बसली, म्हणजे मी मर्यादेवर आहे, यापुढे रिंग नाही तर जाड तारेची स्प्रिंगच लागेल.

डबलसीटला तर ही मर्यादा लगेच दिसते. बायको मागे बसली की पाचव्या पायरीवरपण सॅग 50 च्या पुढे जातो. वणीच्या गडावर असं गेलो की मागून गाडी बसते, पुढचं चाक हलकं वाटतं, वळणावर जड जड जातं आणि रात्री हेडलाईट समोरच्याच्या डोळ्यात. तिथे स्पीड कमी ठेवणं एवढंच हातात आहे. पिंपळगावकडे टोमॅटोची भरलेली कॅरेटं मागे बांधून जाणारे बघतो ना, एक कॅरेट साधारण 20 किलोचं, तीन बांधली की एक माणूस झाला, तोसुद्धा चाकाच्या मागे लटकलेला.

पुढच्या फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन शॉकअप-पाइपांना, साध्या गाड्यांत काही फिरवायला नसतं. पाइपला एक प्लॅस्टिकची टाय बांधा, सीलला (पाइप जिथे आत जातो तिथलं रबर) टेकवा, राइड मारा, किती वर सरकली ते बघा. ती शेवटापर्यंत जात असेल तर बरेच जण जाड ऑइल टाकून देतात. त्याने वजन पेललं जात नाही, फोर्कची हालचाल फक्त मंदावते, लागोपाठ खड्डे आले की फोर्क परत वर यायच्या आत दुसरा खड्डा. मॅन्युअलमधलंच ऑइल, दोन्ही पाइपात सांगितलं तेवढंच.

एवढं करूनही गाडी डुलत असेल तर सीट जोरात दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक, दोन-तीनदा झुलली तर शॉकअपचं आतलं डँपिंग, म्हणजे उसळी आवरणारा भाग, गेलं, बाहेर ऑइल दिसतंय का तेही बघा. अशा शॉकअपवर पायऱ्या चढवल्या तर अजून उसळतो, कारण स्प्रिंग जोरात ढकलते आणि अडवायला आत काही उरलेलं नसतं.

मी आता रिंगवर चौथ्या पायरीला पांढऱ्या रंगाचा ठिपका दिलाय. डबलसीट जाताना पाचवी, घरी आलो की ठिपक्यावर परत, पार्किंगमध्येच, पाना सीटखाली असतोच.