प्लॅस्टिकचं सॅडल काढून हाडाचं बसवताना

गिटारमधलं प्लॅस्टिक घालवायचं ठरलं की बहुतेक जण आधी ब्रिजच्या (तारा अडकवायच्या लाकडी पट्टीच्या) पिना बदलतात, कारण त्या डोळ्यांत भरतात आणि हातानं निघतात. आवाजात मात्र त्यानं फारसा फरक पडत नाही. तारेचा कंप लाकडात उतरतो तो सॅडलमधून, म्हणजे ब्रिजच्या खाचेतल्या, तारा टेकतात त्या पट्टीतून, आणि तार मोकळी वाजवली तर नटमधूनही, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीतून. पैसे तिथं घाला. पिना सरळ असतील तर राहू द्या. वाकल्या असतील किंवा तारेनं चिरल्या असतील तरच बदला, आणि दुकानात जुनी पिन सोबत न्या. पिनांचा उतार कुठं ३ अंश असतो, कुठं ५. चुकीची पिन एकतर वर उडते नाहीतर भोकात रुतून बसते.

स्वस्त गिटारचं सॅडल बहुतेक साच्यातलं हलकं प्लॅस्टिक असतं, काही तर खालून पोकळ. कशाचं आहे ते ओळखायचं असेल तर काढून फरशीवर दोन बोटं उंचीवरून टाका. हाड टणकन वाजतं, प्लॅस्टिक नुसतं टप् करतं. तरी शंका राहिली तर तळाची कड पॉलिश पेपरवर घासा. हाडाची कोरडी पांढरी पूड पडते आणि दाताच्या डॉक्टरकडे ड्रिल चालताना येतो तसा वास येतो. प्लॅस्टिक गरम होऊन कागदाच्या दाण्यांत चिकटतं.

बदली म्हणून म्हशीचं किंवा गाईचं हाड घ्या. हस्तिदंताच्या भानगडीत पडू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याचा व्यापार गुन्हा आहे, आणि चांगल्या हाडापुढं त्याची गरजही नाही. सॅडलखाली पिकअप (तारांचा कंप ॲम्प्लिफायरकडं नेणारी पट्टी) असेल तर मात्र हाडाचा हट्ट धरू नका. हाडाची घनता जागोजागी थोडी बदलते आणि एखादी तार ॲम्प्लिफायरवर दबकी ऐकू येते. अशा गिटारला टस्कसारखं कृत्रिम पण सगळीकडं सारखं सॅडल जास्त सरळ वागतं.

आधी मोजमाप

तारा सुरात लावा. सहावी (सगळ्यांत जाड) तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकदम दाबा. सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात जाड कागद जेमतेम सरकेल एवढीच फट हवी. जास्त असेल तर आधी ट्रस रॉड (नेकचा बाक जुळवणारी आतली सळी) बघून घ्या, सॅडल नंतर. मग बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. १२-५३ जाडीच्या (पहिली ते सहावी, इंचाच्या हजारांशांत) तारांना सहाव्या तारेखाली २.५ मिमी आणि पहिलीखाली १.८ ते २ मिमी ठीक.

हिशोब सोपा आहे: बाराव्या फ्रेटवर जेवढं कमी करायचं त्याच्या दुप्पट सॅडलमधून काढायचं. ३.२ चं २.५ करायचं असेल तर ०.७ गुणिले २, म्हणजे १.४ मिमी. एवढं काढल्यावर सॅडल ब्रिजच्या वर ३ मिमीपेक्षा कमी उरत असेल तर थांबा. दोष नेकच्या कोनात आहे, तो कुठल्याही हाडानं सुटणार नाही.

तारा सैल करा. पिन अडकली असेल तर पकडीनं पिळू नका, आतून हात घालून नाण्यानं वर ढकला. सॅडल फडकं गुंडाळलेल्या पकडीनं सरळ वर ओढा, तिरकं नाही. लांबी, जाडी आणि दोन्ही टोकांची उंची व्हर्निअरनं मोजा. जाडी २.४ मिमी किंवा ३.२ मिमी असते, बऱ्याच गिटारमध्ये ३. नवा तुकडा तिन्ही मापांत थोडा मोठाच घ्या.

घासकाम

पुण्यात बोहरी आळीत १५०, २४०, ४००, ६०० आणि १००० नंबरचा वॉटर पेपर सुटा मिळतो. काचवाल्याकडून जाड काचेचा उरलेला तुकडा घ्या आणि कागद त्यावर पाण्यानं चिकटवा. मास्क लावा, गॅलरीत बसा आणि कागद ओला ठेवा. हाडाची पूड छातीत जाऊ देऊ नका.

आधी जाडी. दर वीस घासांनी तुकडा टोकाकडून टोकाकडं फिरवा, नाहीतर बोटाचा जोर पडतो ती बाजू पातळ होते. सॅडल अंगठ्यानं दाबून खाचेत बसलं पाहिजे आणि गिटार उलटी केली तरी पडता कामा नये. सैल सॅडल तारांच्या ताणानं पुढं झुकतं आणि पुढं खाचेची कड चिरते. घट्ट असेल तर हातोडी नको, अजून दहा घास.

मग टोकं खाचेप्रमाणं गोल करा आणि तळ सपाट करा. तळ घासताना सॅडलमागं काटकोनी लाकडी ठोकळा धरा. नंतर काचेवर उभं करून मागं मोबाइलचा टॉर्च लावा. तळाखालून उजेड दिसला तर तिथला कंप वाया जातो, आणि पिकअप असेल तर तीच तार मुकी होते.

वरची कमान जुन्या सॅडलवरून पेन्सिलीनं उतरवा आणि अर्धा मिमी जास्त ठेवून घासा. माथ्याकडं नीट लक्ष द्या. मिरजेत तंबोऱ्याच्या घोडीला जवारी काढतात तेव्हा माथा जवळजवळ सपाट, किंचित उताराचा ठेवतात, म्हणजे तार घासून झंकारते. गिटारला नेमकं उलटं हवं: तार एका ठरावीक रेषेवरून सुटली पाहिजे. पहिली तार सतारीसारखी झणझणू लागली तर माथा सपाट राहिलाय असं समजा आणि पिनांच्या बाजूला उतार द्या. पण सुरीसारखी धारही नको, तारा तुटतात. दुसऱ्या तारेची रेषा पिनांकडं थोडी मागं असते. जुन्या सॅडलवर असेल तशी ठेवा, नाहीतर वरच्या फ्रेटवर ती चढी बोलेल. शेवटी १००० नंबर, मग ब्रासोचं फडकं.

तारा चढवून पुन्हा मोजा. उरलेलं तळातून काढा, माथ्याला हात लावू नका.

पुण्याची हवा

जुलै-ऑगस्टमध्ये सलग (सॉलिड) स्प्रूस लाकडाचं टॉप ओल पिऊन फुगतं, ब्रिज वर येतो आणि तारा उंच वाटतात. तेव्हा सॅडल घासलंत तर एप्रिलच्या कोरड्या दुपारी तीच गिटार फ्रेटवर खडखडेल. हे काम नोव्हेंबरच्या आसपास करा. पावसाळ्यातच करायची वेळ आली तर जुनं सॅडल फेकू नका, उन्हाळ्यात तेच परत बसवता येतं. लॅमिनेट (पातळ थर चिकटवलेल्या) टॉपला हा त्रास बराच कमी, म्हणून शिकाऊ गिटारला ते मुळीच वाईट नाही.

नट

नटच्या खाचा तारेच्या जाडीच्या कानशींशिवाय नीट होत नाहीत, तेव्हा हे काम कारागिराकडं द्या. निदान मात्र स्वतः करा. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबल्यावर पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट हवी. फट नसेल तर मोकळी तार खडखडते, खूप असेल तर एफचा बार कॉर्ड जीव घेतो. सूर लावताना टिक् असा आवाज येऊन तार उडी मारत असेल तर नट बदलण्याआधी खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासून बघा. बसवायचा झालाच तर फेव्हिकॉलचे दोन बारीक थेंब पुरेत. फेव्हिक्विकनं चिकटवलेला नट पुढच्या वेळी लाकडाची ढलपी घेऊन निघतो.