साइडटोनने कानठळ्या बसतात? मग या चुका टाळा

मोर्स पाठवायला घरी बांधलेल्या ट्रान्सीव्हरची (सिग्नल पाठवणाऱ्या आणि ऐकणाऱ्या रेडिओ सेटची) की पहिल्यांदा दाबली की बहुतेकांचा हात हेडफोन ओढून काढायलाच जातो. रिसीव्हर छान चालतो, सिग्नलही नीट जातो, पण साइडटोन, म्हणजे की दाबली की आपल्याच कानात वाजणारी आपलीच डा-डिट-डा-डिट, डोकं उठवते. म्हणून नव्या सेटची चाचणी हेडफोन गळ्यात ठेवून करा, कानावर नको.

यानंतर जे केलं जातं ते मात्र आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. कोणी स्पीकरच्या तारेत रेझिस्टर घालतं, कोणी एलएम३८६ या ऑडिओ अॅम्प्लिफायर आयसीच्या पिन १ आणि ८ मधला १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर उपटतं. तो काढला की गेन (आवाज किती पट वाढतो तो आकडा) २०० वरून २० वर येतो आणि टोन दबतो, हे खरं. पण लांबचं स्टेशनही तेवढंच दबतं. मग व्हॉल्यूम वाढवायचा, आणि टोन पुन्हा डोक्यावर. आपल्याला टोन आणि स्टेशन यांच्यातलं प्रमाण बदलायचं आहे. ते अॅम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्यानंतर बदलत नाही, आवाज त्यात शिरण्याआधीच बदलावं लागतं.

ऐकू येतोय तो साइडटोनच आहे का?

ही तपासणी न करताच लोक सोल्डरिंग आयर्न तापवतात. टोन तयार करणाऱ्या अर्डुइनो नॅनो या छोट्या कंट्रोलर बोर्डकडून ऑडिओकडे जाणारी साइडटोनची तार सोडवा आणि डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडलेल्या, पॉवर जिरवणाऱ्या रेझिस्टरवर) की दाबा. टोन गेला तर पुढचं सगळं तुमच्या कामाचं. तरीही वाजत असेल, तर तुमचा रिसीव्हर तुमचाच ट्रान्समीटर ऐकतोय, आणि साइडटोनच्या मार्गात कितीही रेझिस्टर लावले तरी उपयोग शून्य. तार सोडवायची नसेल तर स्केचमध्ये (नॅनोच्या प्रोग्राममध्ये) साइडटोन ७०० हर्ट्झवरून ५०० वर आणा. पट्टी उतरली नाही, तर आवाज दुसरीकडूनच येतोय. तिथे हवा तो म्यूट: की दाबताच रिसीव्हरचा ऑडिओ जमिनीला टेकवणारा एखादा २एन७००० ट्रान्झिस्टर पुरतो. फक्त साइडटोन त्या म्यूटच्या नंतर सोडा. आधी सोडला तर म्यूट त्यालाही गिळतो, आणि मग तो ऐकू यावा म्हणून टोन वाढवत नेण्याचा उलटा उद्योग सुरू होतो.

डमी लोडवर सगळं शांत आणि अँटेना जोडली की कर्कश, असंही होतं. आपल्याकडे गोव्यात अंगणातल्या माडाला तार बांधायची आणि तिचं दुसरं टोक थेट खिडकीतून टेबलावर आणायचं, ही नेहमीची सोय. अशा वेळी आरएफ (ट्रान्समीटरची रेडिओ ऊर्जा) हेडफोनच्या आणि कीच्या तारांवरून ऑडिओत शिरतं. दोन्ही तारा फेराइटच्या कड्यातून काही वेढे देऊन घ्या आणि ऑडिओ आयसीच्या इनपुटजवळ १ नॅनोफॅरडचा सिरॅमिक कॅपॅसिटर ग्राउंडला लावा.

मिलिव्होल्टच्या जागी ५ व्होल्ट

आता खरा आजार. व्हॉल्यूम पॉटपाशी (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बदलत्या रेझिस्टरपाशी) रिसीव्हरचा ऑडिओ साधारण काही मिलिव्होल्ट असतो. नॅनोची पिन मात्र ० ते ५ व्होल्टची चौकोनी लाट सोडते. त्या दोघांना एकाच जागी भेटवायचं, तर टोन काहीशे पटींनी उतरवायला हवा. लोक टोन पॉटच्या वायपरवर (मधल्या, सरकत्या टोकावर) सोडताना १०० किलोओहमचा रेझिस्टर लावतात, आवाज कमी होत नाही, मग १५० लावतात, तरी नाही, आणि आयसीच खराब आहे असं ठरवून मोकळे होतात.

हिशेब करून बघा. १० किलोओहमचा पॉट मध्यावर असेल तर वायपरकडून साधारण अडीच किलोओहम दिसतात. १०० किलोओहममधून आलेल्या ५ व्होल्टचे तिथे सुमारे १२० मिलिव्होल्ट उरतात. त्याला २०० ने गुणा, २४ व्होल्ट! ९ किंवा १२ व्होल्टवर चालणारा एलएम३८६ ते देणार कुठून? लाट वरून-खालून कापली जाते. १५० किलोओहमला तोच आकडा १६ व्होल्ट, म्हणजे अजूनही कापलेलीच. आउटपुट कापलं जातंय तोवर इनपुट कमी केल्याचा फरक कानाला कळतच नाही. म्हणून पायरी-पायरीने जाऊ नका, एकदम दहापट उडी मारा: १ मेगाओहम लावला की आउटपुट अडीच व्होल्टच्या आसपास येतं आणि मग कुठे फरक जाणवतो.

वायपरवर टोन सोडण्यात आणखी एक गोची आहे, कारण पॉट फिरवला की टोनही बदलतो. पावसाळ्यात ४० मीटरच्या बँडवर विजांचा कडकडाट असतो म्हणून आवाज खाली घेतला, तर स्वतःचा टोन ऐकू येईना. रात्री बँड शांत झाला, क्षीण स्टेशनसाठी आवाज वर नेला, तर पहिल्याच डिटला घर जागं.

मला पटलेला मार्ग म्हणजे टोन पिन २ वर द्यायचा. बहुतेक सर्किटांत रिसीव्हर पिन ३ वर येतो आणि पिन २ सरळ ग्राउंडला असते. तिचा ट्रॅक कापा, पिन आणि ग्राउंडमध्ये १ किलोओहम लावा, आणि टोन ०.१ मायक्रोफॅरड व ४७० किलोओहममधून त्या पिनेवर सोडा. ५ व्होल्टचे तिथे १०-११ मिलिव्होल्ट होतात, २०० गेनला आउटपुट दोन व्होल्टच्या थोडं वर, आणि व्हॉल्यूम पॉटचा संबंधच राहत नाही. ४७० मिळाला नाही तर २२०चे दोन एकामागोमाग जोडा. हेडफोनला तरीही जास्त वाटला तर १ किलोओहमच्या जागी ४७० ओहम. तिथे १ किलोओहमचा प्रीसेटही (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा पॉट) चालेल, वायपर पिन २ला. पण उघडा कार्बन प्रीसेट नको, किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत तो खरखरू लागतो. निळा, बंद, अनेक फेऱ्यांचा घ्या.

०.१चा कॅपॅसिटर वाचवायला जाऊ नका. त्याच्याशिवाय चौकोनी लाटेचे सरासरी अडीच व्होल्टही आत शिरतात आणि प्रत्येक डिटला ठक् असा धक्का बसतो.

मोठा की कर्कश?

कधी कधी पातळी ठीक असते, टोचतो तो कर्कशपणा. ७०० हर्ट्झच्या चौकोनी लाटेत २१०० आणि ३५०० हर्ट्झही असतात, आणि माणसाचा कान नेमका २ ते ५ किलोहर्ट्झला सर्वांत तिखट. नॅनोच्या पिनेनंतर लगेच १० किलोओहम आणि २२ नॅनोफॅरड असा आरसी फिल्टर टाका. तो ७२० हर्ट्झच्या जवळपासून वरचे स्वर कापायला लागतो. असे दोन टप्पे लावले तर टोन शिट्टीसारखा गोल होतो. पल्सची रुंदी कमी करून सॉफ्टवेअरमधून आवाज उतरवण्याची युक्ती मला मुळीच आवडत नाही: मूळ स्वर घटतो आणि वरचे स्वर त्या मानाने तगडे राहतात, म्हणजे हळू पण जास्त टोचणारा आवाज.

पातळी ठरवताना शांततेत ठरवू नका. बँड चालू ठेवा, बऱ्यापैकी स्पष्ट स्टेशन लावा आणि टोन त्याच्यापेक्षा किंचित खाली बसवा.

आणि टोचतो म्हणून स्केचमध्ये ७००चा ५५० कराल, तर ट्रान्समिटचा ऑफसेट (पाठवण्याच्या आणि ऐकण्याच्या फ्रिक्वेन्सीतला फरक) कुठून घेतला आहे तेही बघा. काही स्केचमध्ये तो साइडटोनच्याच आकड्यावरून येतो, काहींत वेगळा लिहिलेला असतो. वेगळा असेल आणि तो ७००वरच राहिला, तर समोरच्याचा स्वर तुमच्या साइडटोनशी जुळवून दिलेलं उत्तर त्याच्या फ्रिक्वेन्सीपासून १५० हर्ट्झ बाजूला पडेल, आणि अरुंद फिल्टर लावून बसलेल्याला ते ऐकूच जाणार नाही.