कोजागिरीला गच्चीवर प्लुटोचा वाद कसा हाताळावा

इंदूरला आमच्या रामबागेत दूध आटेपर्यंत बराच वेळ असतो. दुर्बीण चंद्राकडे लावलेली, रांग सरकत नाही, आणि कुणीतरी विचारतंच, “काय हो, प्लुटोला ग्रहांच्या यादीतून का काढलं?” दुर्बीण घेऊन बसणाऱ्यांसाठी, म्हणजे माझ्यासारख्या निवृत्त विज्ञान-शिक्षिकांसाठी, हे लिहितेय.

आधी विचारणारा ओळखा. पोरं विचारत नाहीत, त्यांच्या पुस्तकात आठच ग्रह आहेत. रुसतात ती चाळिशीपुढची मंडळी, ज्यांनी नऊ नावं घोकून मार्क मिळवले. आणि एखादे आजोबा असतात, दर शनिवारी जुनी इंदूरच्या शनिमंदिरात तेल वाहणारे. त्यांचा प्रश्न वेगळाच असतो: नवग्रहांचं काय? त्यांना सरळ सांगा की नवग्रहांत सूर्य-चंद्र आहेत, राहू-केतू आहेत, प्लुटो कधी नव्हताच. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाने 2006 मध्ये प्रागला ठराव करून प्लुटोला ग्रहांतून काढलं, त्याने त्यांच्या पूजेतलं काहीही हललेलं नाही. पत्रिका खरी की खोटी या वादात त्या रात्री शिरू नका, दूध करपेल.

चाळिशीवाल्यांना हसू नका. न्यूयॉर्कच्या हेडन तारांगणाने 2000 मध्ये प्लुटोला ग्रहांच्या रांगेतून उचलून बर्फाळ पिंडांसोबत बसवलं, तेव्हा शाळकरी मुलांनी संचालक नील डिग्रास टायसन यांना रागाची पत्रं पाठवली. न्यू मेक्सिकोच्या प्रतिनिधिगृहाने 2007 मध्ये आणि इलिनॉयच्या सिनेटने 2009 मध्ये प्लुटोच्या बाजूने ठराव केले. ॲरिझोनाने तर 2024 मध्ये त्याला राज्याचा ग्रह करून टाकलं. तिन्ही ठिकाणी धागा एकच, प्लुटो शोधणारा क्लाइड टॉम्बॉ. जन्म इलिनॉयचा, 1930 मधला शोध ॲरिझोनातल्या लॉवेल वेधशाळेतला, पुढचं अध्यापन न्यू मेक्सिकोत. गावच्या माणसाचं नाव गुंतलं की व्यास आणि वस्तुमान कोण ऐकतं! तुम्ही ही हकिगत सांगितलीत की रुसलेली माणसं निम्मी तरी खुलतात, कारण आपण एकटे नाही हे त्यांना कळतं.

आता मुद्द्याकडे. प्लुटोपासून सुरुवात करूच नका, सेरेसपासून करा. 1 जानेवारी 1801 रोजी इटलीतल्या पालेर्मोला खगोलशास्त्रज्ञ पियाझींना तो दिसला आणि पुढे कित्येक वर्षं पुस्तकांत ग्रह म्हणूनच छापला गेला. मग मंगळ आणि गुरूच्या मधल्या त्याच पट्ट्यात तसलेच आणखी सापडत गेले, आणि सेरेस यादीतून गेला. त्याच्यासाठी आज कुणी रडत नाही. प्लुटोच्या परिसरातही 1992 पासून तेच घडलं. 2005 मध्ये जाहीर झालेला एरिस आकाराने जवळपास प्लुटोएवढा आणि वजनाने सव्वापट निघाला, तेव्हा ठरवणं भागच पडलं.

हे नुसतं बोलून पोचत नाही, म्हणून सियागंजातून धान्य आणा. एक मिलिमीटर म्हणजे हजार किलोमीटर. पृथ्वी म्हणजे डॉलर चना (मोठा काबुली चणा), चंद्र ज्वारीचा दाणा, प्लुटो मोहरी, एरिस दुसरी मोहरी, सेरेस राजगिरा. गुरूला नारळ ठेवा. सोललेला जरा लहान पडतो, चालतं. ताटली फिरवा आणि स्वतः गप्प बसा. प्लुटो आपल्या चंद्राहूनही लहान आहे हे लोक आपणच बोलून दाखवतात.

मग नियम सांगा: सूर्याभोवती फिरायचं, स्वतःच्या गुरुत्वाने गोल व्हायचं, आणि आपल्या कक्षेच्या आसपासचा परिसर मोकळा केलेला असायचा. प्लुटो तिसऱ्यात अडकतो. इथे एखादी हुशार मुलगी हात वर करेल की गुरूच्या कक्षेतही लघुग्रह आहेत, मग तो कसा पास? तिला दाबू नका. हा आक्षेप खरा आहे आणि ॲलन स्टर्न यांच्यासारखे शास्त्रज्ञही तो घेतात. उत्तर एवढंच, की गुरू आपल्या परिसरावर हुकमत ठेवतो, प्लुटो ठेवत नाही. तिला ते पटलं नाही तरी चालेल.

24 ऑगस्ट 2006 च्या मतदानाचीही लपवाछपवी नको. संघाचे सभासद हजारोंनी, पण सभागृहात मत देणारे चारशेच्या वर, एवढेच. त्याच अधिवेशनात आधी बारा ग्रहांचा मसुदा आला होता, त्यात सेरेस, एरिस आणि प्लुटोचा साथीदार शॅरनसुद्धा! गच्चीवर हात वर करून मत घ्यायचंच असेल, तर ज्याला प्लुटो हवाय त्याने एरिस, हाउमिया आणि माकेमाके या प्लुटोसारख्याच पिंडांचं काय करायचं तेही सांगायचं, अशी अट घाला. आमच्याकडे ही अट ऐकली की बरेच हात खाली येतात.

शेवटची अडचण: “मग दाखवा की प्लुटो!” तो इतका मंद आहे की मोठी दुर्बीण आणि काळोखं आकाश लागतं, पौर्णिमेला शहरात नाव काढू नका. हे आधीच सांगून टाका, आणि न्यू होरायझन्स यानाने जुलै 2015 मध्ये काढलेला फोटो छापून ठेवा, बदामाच्या आकाराचं मैदान दिसतं तो. त्या यानात टॉम्बॉच्या अस्थींचा अंश होता, हे फोटो हातात दिल्यावरच सांगा. प्रिंट मॅट कागदावर काढा, ग्लॉसीवर टॉर्च चमकतो.