रोबोटने की छाती उघडून? दादाच्या वेळी आम्ही काय विचारलं

दादाचं गिळणं आधी पोळीवर अडलं, मग वरणात कुस्करलेल्या पोळीवर, शेवटी पेजेवर. बायोप्सी झाली, अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला, तो कुठवर पसरलाय हे बघायला पेट-सीटी स्कॅन झाला, पाच आठवडे केमो-रेडिएशन झालं आणि ऑपरेशनची पाळी आली, तेव्हा इंदूरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात काउंटरवरच्या पोराने आमच्यासमोर रोबोटचं चकचकीत पत्रक सरकवलं. ऑपरेशनबद्दल चकार शब्द नाही, नुसतं पॅकेज!

तुमच्यावर ही वेळ आली तर पत्रक बाजूला ठेवा. रोबोट असो की छाती उघडून, आतलं काम तेच. अन्ननलिकेचा रोगट भाग आणि आजूबाजूच्या लसिका गाठी (लिम्फ नोड) काढायच्या, जठराची लांबट नळी करून वर ओढायची, छातीत किंवा मानेत जोडायची. फरक वाटेचा आहे. ओपनमध्ये, म्हणजे छाती उघडून करताना, फासळ्या फाकवतात. दुखणं त्यातूनच जास्त येतं, आणि दुखलं की माणूस खोकत नाही, कफ साचतो, न्यूमोनिया होतो. रोबोटमध्ये छोटी भोकं. हात मात्र सर्जनचेच, तो बाजूला कन्सोलवर बसून चालवतो. वहिनींनी विचारलं, "मशीन मध्येच बिघडलं तर?" सर्जन म्हणाला, "तर छाती उघडून पूर्ण करू." म्हणून संमतीच्या कागदावर दोन्ही असतात, सही करण्याआधी वाचा.

नेदरलँड्समध्ये 112 रुग्णांवर दोन्हींची तुलना झाली, 2019 मध्ये छापून आली. फुफ्फुसाचे त्रास रोबोटमध्ये 32 टक्के, ओपनमध्ये 58. कॅन्सर निघण्यात मात्र दोन्ही सारखे. पण ही तुलना ओपनशी. साध्या दुर्बिणीनेही छाती न उघडता हे होतं, म्हणून तिसरा पर्याय आहे का, हे विचाराच. काउंटरवर तो कोणी सांगत नाही.

मी वहीच्या पाठकोऱ्या पानावर लिहून नेलेले प्रश्न: तुम्ही स्वतः वर्षाला किती अन्ननलिका करता? जोड किती जणांचा गळतो, आणि रात्री दोन वाजता गळला तर कोण येतं? आवाजाची नस किती वेळा दुखावते? या उत्तरांवर आम्ही सर्जन निवडला, मशीन नाही. (तो रोबोट वापरत होता, ही पुढची गोष्ट.) विम्याचंही आधीच बघा. बऱ्याच पॉलिसीत रोबोटिकसाठी वेगळी मर्यादा असते, वरचे पैसे आपल्याच खिशातून.

तयारी कुठल्याही पद्धतीला लागतेच. तंबाखू त्याच दिवशी बंद. दादाची डबी वहिनींनी नाल्यात टाकली. फुफ्फुसांच्या व्यायामासाठी तीन प्लास्टिकच्या गोळ्यांचं फुंकणी-यंत्र मिळतं, पण ते फुंकायचं नसतं, श्वास आत ओढून गोळ्या वर धरायच्या. दादा पहिले चार दिवस फुंकतच होता. तिसरी गोळी हलायला आठवडा लागला.

घरी आल्यावर काही आठवडे पोटात बाहेरून घातलेल्या नळीतून पातळ फीड. मग दिवसातून सहा-सात वेळा वाटीभर, पाणी जेवणाबरोबर नाही. इंदूरच्या माणसाला खरी शिक्षा जिलबीची. दादाने राजवाड्यावर चोरून एक खाल्ली, पाव तासात घाम, धडधड, खुर्चीतून उठवेना. जठराची आता नळी झालेली, गोड भसकन आतड्यात उतरतं. पोहे चालतात, मऊ, अर्धी प्लेट, सावकाश चावून.

आडवं सपाट झोपायचं नाही, पित्त घशाशी येतं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली आम्ही दोन-दोन विटा लावल्या. त्या अजून तिथेच आहेत.