पाळण्यातून गादीवर: या चुका टाळा

पाळणा दोन कामं करतो. बाळाला हलवतो आणि बाळाला अडवतो. मूल दोन-अडीच वर्षांचं झालं, पाळणा काढला आणि गादीवर निजवलं, की ही दोन्ही कामं एकाच रात्री बंद पडतात. मग रात्री दोनला उठून रडणं, दहा वेळा उतरून येणं, पलंगावरून पडणं सुरू होतं. झोका सुटायची तयारी वेगळी आणि कठडा सुटायची वेगळी. दोन्ही एकदम सोडवू नका.

झोक्यात गाढ झोपवून गादीवर ठेवणं

जवळजवळ प्रत्येक घरात होणारी चूक हीच. सगळ्यांची झोप रात्रीतून अनेकदा हलकी होते, मुलांची तर जास्तच. त्या क्षणी मूल अर्धवट जागं होऊन आजूबाजूचा अंदाज घेतं. डोळे मिटताना जे होतं ते तसंच असेल तर कूस बदलून पुन्हा झोपतं. झोक्यात झोपलेलं मूल स्थिर गादीवर जागं झालं, की झोका कुठे गेला म्हणून भोकाड पसरणारच. त्याला भूक लागलेली नसते, स्वप्नही पडलेलं नसतं. जिथे झोपला तिथेच जाग यावी, एवढंच त्याला हवं असतं.

म्हणून झोका आधी पाळण्यातच कमी करा. पहिले तीन दिवस डोळे जड होईपर्यंत झोका द्या, मग थांबवून थोपटत झोपवा. पुढचे तीन-चार दिवस झोका फक्त सुरुवातीची दोन-तीन मिनिटं. त्यानंतर झोका नाही. पाळणा स्थिर, तुमचा हात अंगावर, नेहमीची अंगाई तीच. असे दहा-बारा दिवस गेले की गादीवर फक्त जागा बदलते, झोपायची रीत बदलत नाही. रोजचं दुपटं किंवा छोटी गोधडी सोबत न्या, नव्या चादरीचं कौतुक नंतर करता येईल.

साडीच्या झोळीचं वेगळं. मूल कडेला धरून उठून बसायला लागलं, की झोळी कलंडण्याचा धोका असतो. तेव्हा झोळी बंदच करा, इथे वाट बघणं नको.

घाई आणि उशीर

कठड्याच्या पाळण्यातून मूल कधी काढायचं हे वयापेक्षा उंचीवर ठरतं. उंची 89 सेंटिमीटरच्या आसपास गेली, किंवा उभं राहिल्यावर कठड्याची वरची कड त्याच्या छातीच्या मध्याखाली आली, की पाळणा सोडायचा. पाय वर टाकून चढायचा प्रयत्न दिसला, तर आधी पाळण्याची फळी सर्वांत खालच्या खाचेत बसवा आणि आतले लोड, मोठी खेळणी काढा, कारण मूल त्यांचीच पायरी करतं. तरीही चढत असेल तर थांबू नका. चढत नसेल आणि मावत असेल तर मात्र घाई नको. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास ‘इथेच झोपायचं’ हे त्याला समजतं, दीड वर्षाच्या मुलाला समजत नाही.

दुसरं बाळ येणार असेल तर हा बदल दीड-दोन महिने आधी करा. रिकामा पाळणा काही आठवडे नजरेआड ठेवा, नाहीतर आपली जागा काढून बाळाला दिली असं त्याला वाटतं. शू-शीची सवय, प्लेग्रुप, घर बदलणं, आजारपण यांच्या जोडीला हे काम घेऊ नका.

पलंग भिंतीला लावला म्हणजे झालं, असं नाही

पलंग साधारण 45 सेंटिमीटर आणि त्यावर 15 सेंटिमीटरची गादी, म्हणजे मूल 60 सेंटिमीटरवरून फरशीवर पडतं. पहिले काही महिने जमिनीवर घट्ट गादी हीच सगळ्यांत चांगली सोय. वन बीएचकेमध्ये ती आईबाबांच्या पलंगाशेजारी घातली तरी चालते, वेगळी खोली हवीच असं नाही.

पलंगच हवा असेल तर भिंतीकडची फट बघा. गादी रोज थोडी सरकते, मूल पायांकडून त्या फटीत घसरतं आणि डोकं अडकतं. पडण्यापेक्षा हे जास्त धोक्याचं आहे. दोन बोटं आत जात असतील तर फट मोठी समजा. पलंग एकतर फट न राहता घट्ट बसवा, नाहीतर भिंतीपासून हातभर लांब ठेवा. उशा आणि लोडांची भिंत उपयोगाची नाही, मूल त्यावर चढून आणखी उंचावरून पडतं. बेड रेल, म्हणजे पलंगाच्या कडेला लावायचा कठडा, दोन वर्षांनंतरच लावा. गादी जाड असेल तर रेलची उंची तेवढी कमी पडते, आणि रेल व गादीच्या मध्ये दाबून बघितल्यावरही फट पडता कामा नये.

आता सगळी खोलीच पाळणा

रात्री मूल एकटं उठून हिंडू शकतं, हे घरच्यांच्या लक्षात उशिरा येतं. गुडघ्यांवर बसून खोली एकदा त्याच्या उंचीवरून बघा. खालच्या सॉकेटमधलं डासांचं लिक्विड मशीन, पडद्याची लोंबती दोरी, खिडकीला लागून ठेवलेला पलंग, भिंतीला न ठोकलेलं कपाट. ड्रॉवर उघडून मूल पायऱ्यांसारखं चढतं आणि कपाट अंगावर येतं, म्हणून ते एल क्लॅम्पने भिंतीला बांधा. बाथरूमची बादली रात्री पालथी घाला; काही सेंटिमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. दाराची खालची कडी स्क्रू काढून टाका, म्हणजे मूल आतून कोंडून घेणार नाही. तुम्हीही बाहेरून कडी लावू नका, त्याऐवजी दारात सेफ्टी गेट लावा.

उतरून येत राहिला तर

हात धरून परत न्या, ‘आता झोपायचं’ एवढंच म्हणा, दिवा लावू नका. समजावणं, रागावणं, पाणी, गोष्ट, या सगळ्यातून त्याला सोबतच मिळते. पाचव्या वेळी दमून आपल्या कुशीत घेतलंत, तर पाच वेळा उठायचं असतं हे त्याने शिकलेलं असतं. आजी-आजोबांनाही हेच करायला सांगा. सहसा आठवड्याभरात फेऱ्या कमी होतात. कमी झाल्या नाहीत तर दुपारची झोप चारनंतर लांबते का ते बघा.

अंथरुणासाठी रबर शीट, सुती चादर, त्यावर पुन्हा रबर शीट आणि चादर. रात्री ओलं झालं की वरची जोडी ओढून काढायची, दिवा न लावता.

आणि पडलाच, तर रडून लगेच शांत झाला तरी दिवसभर लक्ष ठेवा. शुद्ध हरपली, उलट्या झाल्या, झटका आला किंवा नेहमीसारखा जागा होत नसेल, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.