०.१ नॉर्मल अ‍ॅसिड कसं बनवावं, तेही नागपूरच्या उन्हाळ्यात

नॉर्मल म्हणजे द्रावण किती तीव्र आहे त्याचं माप: लिटरमागे किती तुल्यभार अ‍ॅसिड आहे ते. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा तुल्यभार आणि रेणुभार एकच. त्याच्या बाटलीवरचे दोन आकडे आधी वाचा: टक्केवारी आणि घनता. समजा ३५ टक्के आणि १.१८ आहे. म्हणजे एक लिटर अ‍ॅसिडचं वजन ११८० ग्रॅम आणि त्यात खरं अ‍ॅसिड ४१३ ग्रॅम. त्याला ३६.५ या रेणुभारानं भागा, ११.३ येतात. बाटलीतलं अ‍ॅसिड साधारण ११.३ नॉर्मल आहे.

आता एक लिटर ०.१ नॉर्मल हवं असेल तर १००० गुणिले ०.१, भागिले ११.३, म्हणजे ८.८५ मिली. बिनधास्त ९ मिली घ्या. बाटली उघडल्या दिवसापासून वायू उडत असतो, त्यामुळे ते ११.३ तसंही पक्कं नसतं. इथे दशांशात जीव अडकवण्यात अर्थ नाही, खरा आकडा पुढे ब्युरेट, म्हणजे खाली तोटी असलेली खुणांची उभी काचनळी, सांगणार आहे.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की बंद बाटलीत वायूचा दाब साचतो. बाटली आधी थंड पाण्यात ठेवा, मग फ्यूम हूडखाली (वाफा बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटात), चष्मा-हातमोजे घालून, झाकण हळूहळू सैल करा. अ‍ॅसिड मोजनळीनं मोजा. पिपेट वापरायचं तर रबरी फुग्यानं, तोंडानं कधीच नाही.

एक लिटरच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये (गळ्यावर मापाची एकच खूण असलेल्या चंबूत) आधी अर्धं डिस्टिल्ड पाणी घ्या, त्यात अ‍ॅसिड ओता. उलटं नाही. पेंच धरणाचं नळाला येणारं पाणी प्यायला कितीही गोड लागो, इथे चालत नाही. त्यातले बायकार्बोनेट थोडं अ‍ॅसिड खाऊन टाकतात. मग पाणी घालत खुणेपर्यंत या, पण घाई नको. फ्लास्कवर २० किंवा २७ अंश छापलेलं असतं, त्या तापमानालाच त्याचं माप खरं. टाकीशेजारच्या खोलीत पाणी ४० अंशांवर गेलेलं असेल, तर २७ ला येईपर्यंत लिटरमागे सुमारे ४ मिली आकसतं. म्हणून हे काम सकाळी करा, किंवा द्रावण थंड होऊ द्या आणि मगच शेवटचे थेंब घाला.

सल्फ्युरिकचं गणित तेच, फक्त ९८ या रेणुभाराला दोनानं भागून ४९ हा तुल्यभार घ्यायचा, कारण त्याचे दोन हायड्रोजन कामाला येतात. ९८ टक्के, घनता १.८४ असेल तर ते ३६.८ नॉर्मल, लिटरभर ०.१ नॉर्मलसाठी २.७ मिली पुरतं. पण ते पाण्यात पडताच भयंकर तापतं. जड असल्यामुळे ते खाली बसतं; त्यावर पाणी ओतलं तर वरचा थर उकळून अंगावर उडतो. म्हणून बीकरमध्ये पाणी घ्या, बाहेरून बर्फ लावा आणि काचेच्या काठीनं ढवळत अ‍ॅसिड थोडं थोडं सोडा. अंगावर उडालंच तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा, सोडा चोळत बसू नका.

आता खरी परीक्षा: बनवलेलं अ‍ॅसिड नेमकं किती नॉर्मल आहे ते तपासायचं. निर्जल सोडियम कार्बोनेट २५०-२७० अंशांवर तापवून डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) थंड करा. त्याचं १.३२५ ग्रॅम २५० मिलीत विरघळवलं की बरोबर ०.१ नॉर्मल. वजन करताना कूलर बंद. नागपुरात हे सांगणं म्हणजे अत्याचार आहे, पण कूलरची ओली हवा पावडरीत ओल भरते आणि झोतानं तराजूचा आकडा नाचत राहतो.

या द्रावणाचे १० मिली कॉनिकल फ्लास्कमध्ये घ्या, दोन थेंब मिथिल ऑरेंज (अ‍ॅसिडमध्ये रंग बदलणारं सूचक) टाका आणि ब्युरेटमधून अ‍ॅसिड सोडा. पिवळ्याचा नारिंगी होताच थांबा. लाल झालं तर पुढे गेलात. एकसारखी तीन रीडिंग येईपर्यंत करा. समजा ९.८ मिली लागले: १० गुणिले ०.१, भागिले ९.८, म्हणजे ०.१०२ नॉर्मल. ते नेमकं ०.१ करायला काहीजण पाणी घालत बसतात. मी नाही बसत. बाटलीवर ०.१०२ आणि तारीख लिहायची, हिशेबात तोच आकडा घ्यायचा.

एकच लक्षात ठेवा. दुपारी तापलेल्या खोलीत बाटलीच्या वरच्या भागात आतून पाण्याचे थेंब जमतात, ते खालच्या द्रावणातूनच उडालेलं पाणी असतं. काढण्याआधी बाटली बंद करून दोनदा हलवा, मगच उघडा.